फुलराणी : ऐकायची की बघायची?

प्रश्न : गेल्या रविवारी आमच्या घरी चांगलीच जुंपली. मुलीने 2023 चा ‘फुलराणी’ सिनेमा पाहिला आणि ती त्यावर खूश आहे. माझ्या मनात भक्ती बर्वेंची ‘ती फुलराणी’ घर करून बसलेली. आमचे ‘हे’ देव आनंदचे जुने भक्त, त्यामुळे त्यांच्या मते ‘मनपसंद’पुढे बाकी सगळं फिकं. ही सगळी एकाच इंग्रजी प्रेमकादंबरीची रूपं आहेत ना? मग इतकी वेगळी का वाटतात? आणि मुलीला मूळ गोष्ट कळावी म्हणून आधी काय दाखवू?
एक वाचिका, मानखुर्द

उत्तर : ताई, मूळ कादंबरी नाही, नाटक आहे. जॉर्ज बर्नार्ड शॉ यांनी 1912 मध्ये ‘पिग्मॅलियन’ लिहिलं. इंग्रजी उच्चारांवरच्या या नाटकाचा पहिला प्रयोग झाला तो व्हिएन्नात, 1913 मध्ये आणि चक्क जर्मन भाषेत. लंडनला ते एप्रिल 1914 मध्ये आलं. पण तुमची समजूत अगदीच निराधार नाही. 1916 च्या पुस्तकात शॉनी नाटकाला एक लांबलचक गद्य शेपूट जोडलं, ते कादंबरीच्या शेवटच्या प्रकरणासारखंच आहे.

त्या शेपटाचं कारण मजेशीर आहे. शॉनी नाटकाला ‘पाच अंकी रोमान्स’ म्हटलं होतं, पण त्यांच्या लेखी प्राध्यापक हिगिन्स आणि फुलवाली एलायझा यांचं लग्न अशक्य. लंडनच्या प्रयोगात हिगिन्स झालेले हर्बर्ट ट्री हे त्या काळचे बडे नट-व्यवस्थापक. प्रेक्षकांना काय हवं ते त्यांना बरोबर कळायचं. शेवटी एलायझाकडे फुलं फेकून त्यांनी प्रेक्षकांना हवा तो इशारा दिला. शॉ खवळले. मग त्यांनी लिहूनच टाकलं की एलायझा त्या बावळट फ्रेडीशी लग्न करते आणि दोघं फुलांचं दुकान काढतात. लेखकाने इतकं बजावूनही पुढच्या जवळजवळ प्रत्येक दिग्दर्शकाने फुलंच फेकली आहेत.

आता वेगळेपणाबद्दल. माझ्या मते खरी फारकत शेवटात नाही, ती मास्तर काय शिकवतो यात आहे. शॉचा हिगिन्स एलायझाला शिकवतो उच्चार, ती उच्चभ्रूंत खपून जावी म्हणून. माणूस बोलायला लागला की तो लंडनच्या कुठल्या दोन गल्ल्यांमधला आहे हे सांगू शकतो अशी त्याची फुशारकी. तुमच्या मानखुर्द स्टेशनच्या जिन्यावर संध्याकाळी त्याला उभा केला असता तर त्याची वही तासाभरात भरली असती. अणुशक्तीनगरचे शास्त्रज्ञ, ट्रॉम्ब्याच्या कोळीवाड्यातल्या मासेवाल्या, देशाकोकणातून आणि उत्तरेतून येऊन वसलेली कुटुंबं, सगळी एकाच जिन्याने खाली उतरतात. आपल्याकडे तर हे काम हिगिन्सपेक्षा जोखमीचं, कारण ‘पाणी’ म्हणतो की ‘पानी’ यावरून ऐकणारा समोरच्याचं गाव, पेशा आणि जात तिन्ही ठरवून मोकळा होतो. शॉचं नाटक टिकलं ते यामुळे. प्रेम तिथे आहेच, पण कथा कानाची आहे. पडद्यावर येताना मात्र ती टप्प्याटप्प्याने डोळ्यांकडे सरकत गेली.

पहिला मोठा इंग्रजी चित्रपट 1938 चा. निर्माता गॅब्रिएल पास्कल, दिग्दर्शक अँथनी अॅस्क्विथ आणि लेस्ली हॉवर्ड, हिगिन्सही हॉवर्डच, एलायझा वेंडी हिलर. पटकथेत शॉचा स्वतःचा हात होता आणि त्यासाठी त्यांना ऑस्करही मिळालं. नोबेल 1925 चं आधीच खात्यात होतं. मूळ नाटकात एलायझाची उच्चभ्रू मेजवानीतली परीक्षा रंगमंचावर घडतच नाही. ती तिसऱ्या आणि चौथ्या अंकाच्या मधे उरकते आणि आपल्याला फक्त नंतरचा थकवा दिसतो. सिनेमाला एवढा संयम परवडत नाही. शॉनीच राजदूताच्या घरच्या नृत्यसमारंभाचा प्रसंग लिहून दिला. त्यात एक उच्चारतज्ज्ञ एलायझाचं बोलणं ऐकून छातीठोक सांगतो की ही मुलगी तोतया आहे, कारण इतकं निर्दोष इंग्रजी इंग्रज बाई बोलणारच नाही, ही हंगेरीची राजकन्या! पडद्यावर झुंबरं आणि झगे आले खरे, पण तिचा निकाल अजून कानच लावतो. स्पेनच्या पावसाचं ते प्रसिद्ध वाक्यही मूळ नाटकात नव्हतं, ते याच सिनेमातून आलं. शेवटी एलायझा परत येते आणि हिगिन्स आपल्या सपाता मागतो. म्हणजे ट्रींची फुलं पुन्हा आलीच, आणि या वेळी खुद्द शॉच्या नावाखाली.

‘माय फेअर लेडी’ 1956 मध्ये ब्रॉडवेवर संगीतिका म्हणून आली तेव्हा एलायझा होती जुली अँड्र्यूज. 1964 मध्ये जॉर्ज क्युकोरने चित्रपट केला, त्यात ती भूमिका ऑड्री हेपबर्नला मिळाली. आठ ऑस्कर मिळाली, रेक्स हॅरिसनला अभिनयाचं आणि सेसिल बीटनला वेशभूषेचंही. हेपबर्नला मात्र नामांकनसुद्धा नव्हतं. त्या वर्षीचं सर्वोत्कृष्ट अभिनेत्रीचं ऑस्कर ‘मेरी पॉपिन्स’साठी जुली अँड्र्यूज घेऊन गेली. आवाज घडवण्याच्या या गोष्टीत नायिकेची बहुतेक गाणी दुसरीच बाई, मार्नी निक्सन, गायली आहे. सिनेमा देखणा आहे, गाणी एकदा ऐकली की आठवडाभर पाठ सोडत नाहीत. पण तोंडाला काजळी फासली तरी ती हेपबर्नच, हे आपल्याला पहिल्या मिनिटापासून दिसतं. त्यामुळे बदल जाणवतो तो बीटनच्या झग्यांमध्ये. घोड्यांच्या शर्यतीच्या प्रसंगात ती भान विसरून घोड्यावर ओरडते, तेवढ्यापुरता शॉ जागा होतो.

आता ‘मनपसंद’. 1980, दिग्दर्शक बासू चटर्जी, संगीत राजेश रोशन. देव आनंद मास्तर, गिरीश कर्नाड त्याचा मित्र, मेहमूद नायिकेचा बाप आणि टीना मुनीम झाली आहे कमली, जी लोकलमध्ये दातून विकते. फुलं काढून दातून आणलं ही कल्पना मला फार आवडते. मुंबईच्या लोकलच्या डब्यात जितक्या तऱ्हांनी माणसं बोलतात तितक्या एलायझाच्या कोव्हेंट गार्डनमध्येही नसतील. (तेव्हा हार्बरची गाडी तुमच्या मानखुर्दलाच संपायची, खाडी ओलांडून ती वाशीला गेली 1992 मध्ये.) पण एवढा कच्चा माल हाताशी असून सिनेमा तो वापरत नाही. मास्तर तिला बोलणं शिकवायचं सोडून गाणं शिकवतो. हिंदी सिनेमाचा नाइलाज समजू शकतो, गायिका झाली की दर वीस मिनिटांनी गाणं टाकता येतं. पण कमली शिकण्याच्या आधीसुद्धा लता मंगेशकरांच्या आवाजात गाते! मग मास्तरने तिला शिकवलं काय? तुमच्या यजमानांना हा प्रश्न जेवण झाल्यावर विचारा, आधी नको. देव आनंद रुबाबदार आहे हे मी मान्य करतो. हिगिन्सला दुसऱ्याचं ऐकून घ्यायची सवय नसते, ती मगरुरी त्याला छान जमली आहे.

पु. ल. देशपांड्यांचं ‘ती फुलराणी’ 1975 चं. ते रंगमंचाचं, पडद्याचं नव्हे, तरी त्याला वगळलं तर मराठी वाचक मला माफ करणार नाही. प्राध्यापक अशोक जहागीरदार झाले सतीश दुभाषी, मंजुळा झाली भक्ती बर्वे. गुजरातीत मधू राय यांनी शॉच्या याच नाटकाचं ‘संतु रंगीली’ केलं आणि सरिता जोशींनी ते गाजवलं. पु.लं.नी ओळखलं की मराठीत ही गोष्ट वर्गाची आहे तितकीच प्रमाणभाषेच्या दराऱ्याची आहे. प्रेक्षागृह सुरुवातीला मंजुळाच्या बोलण्यावर हसतं. पण तिचं ते गाजलेलं स्वगत येईपर्यंत हसण्याचा रोख मास्तरकडे वळलेला असतो, आणि त्या स्वगतातली धार तिच्या जुन्या बोलीची आहे, शिकवलेल्या भाषेची नाही. म्हणूनच आंतरमहाविद्यालयीन स्पर्धांमध्ये आजही मुली ते करतात. भक्ती बर्वे स्वतः आकाशवाणीवर निवेदिका आणि मुंबई दूरदर्शनवर वृत्तनिवेदिका होत्या. म्हणजे मंजुळाला जी भाषा गाठायची होती ती त्यांची रोजच्या कामाची भाषा. त्यांना उलटा प्रवास करून मंजुळाकडे जावं लागलं आणि तो त्यांनी कुणाचाही आवाज उसना न घेता केला. 2001 मध्ये वाईहून मुंबईला परतताना अपघातात त्या गेल्या. वाईला त्यांनी जो कार्यक्रम केला होता त्याचं नावही ‘पु.ल., फुलराणी आणि मी’ होतं.

तुमच्या मुलीचा ‘फुलराणी’ विश्वास जोशींनी दिग्दर्शित केलेला. सुबोध भावे झाले आहेत विक्रम राजाध्यक्ष आणि प्रियदर्शिनी इंदलकर झाली आहे कोळीवाड्यातली शेवंता तांडेल. इथे पैज लागते ती सौंदर्यस्पर्धेची. म्हणजे चालणं, हसणं, उभं राहणं, दिसणं. 1938 मध्ये सुरू झालेला डोळ्यांकडचा प्रवास इथे पुरा झाला. प्रियदर्शिनीच्या तोंडी कोळीवाड्याचा ठसका आहे तोवर सिनेमा धावतो. ती शहाण्यासारखी बोलायला लागली की तो मंदावतो. ट्रॉम्ब्याचा कोळीवाडा तुमच्या शेजारीच आहे, तिथल्या एखाद्या आजीला सिनेमा दाखवून शेवंताची बोली कितपत खरी वाटते ते विचारा. माझ्या मतापेक्षा त्या आजीचं मत जास्त कामाचं.

क्रम सांगतो. आधी 1938 चा ‘पिग्मॅलियन’, कारण तो शॉच्या सर्वांत जवळ आहे आणि दीड-दोन तासांत संपतो. मग ‘ती फुलराणी’ पुस्तकातून, तेही घरात मोठ्याने वाचून, पात्रं वाटून घेऊन. जहागीरदार तुमच्या यजमानांना द्या. त्यानंतर ‘माय फेअर लेडी’ सुट्टीच्या दिवशी, तो जवळजवळ तीन तासांचा आहे. ‘मनपसंद’ कधीही, भांडण मिटवण्यापुरता. निकालच हवा असेल तर पडद्यावरच्या रूपांत 1938 चा पहिला. मराठीत मात्र या गोष्टीचा अस्सल सिनेमा अजून व्हायचा आहे. तो करणाऱ्याने आरसे, झगे आणि मुकुट बाजूला ठेवून ध्वनिमुद्रक घेऊन हार्बरच्या गाडीत बसावं, मानखुर्दला उतरावं.

नाटकाचं वाचन झालं की मंजुळा घरात कुणाच्या वाट्याला आली आणि वाद कुणी जिंकला ते आम्हाला जरूर लिहा.