४१ गुण, ४६० स्कोअर आणि बंद असलेला फोन

प्रश्न : माझी मुलगी सिव्हिल इंजिनिअर आहे. पदवीनंतर वर्षभर घरी बसून तिने एम.टेक.साठी गेट परीक्षेचा अभ्यास केला. परवा निकाल लागला. १०० पैकी ४१ गुण आणि खाली स्कोअर ४६०. उत्तरतालिका आली तेव्हा तिने स्वतः मोजले होते, ४३ भरत होते. मग दोन गुण गेले कुठे? पेपर नीट तपासला नाही का? आणि १०० पैकी ४१ खरे की १००० पैकी ४६०? तिला आयआयटी मुंबईला जायचं होतं. दोन दिवस ती धड जेवलेली नाही, फोन बंद करून ठेवलाय. नातेवाइकांचे फोन मग मला येतात. मी बारावी शिकलेली, मला यातलं फारसं कळत नाही. तिला काय सांगू आणि पुढे काय करायचं?
– एक आई, सातारा जिल्हा

उत्तर : ताई, आधी तुमच्या मनातली शंका दूर करतो. तुमची मुलगी नापास झालेली नाही. गेटमध्ये ३५ टक्क्यांना पास असा हिशेबच नसतो. पात्रतेची रेषा दरवर्षी त्या त्या पेपरला बसलेल्या मुलांच्या गुणांवरून ठरते. सर्वांच्या गुणांची सरासरी काढतात, त्यात गुणांचा फैलाव दाखवणारं प्रमाण विचलन मिळवतात आणि जो आकडा येईल ती खुल्या वर्गासाठीची रेषा. आकडा २५ च्या खाली आला तर रेषा २५ वर. ओबीसी आणि ईडब्ल्यूएस उमेदवारांसाठी ती खुल्या वर्गाच्या नव्वद टक्के असते; अनुसूचित जाती, जमाती आणि दिव्यांग उमेदवारांसाठी दोन तृतीयांश. परीक्षेला बसलेल्यांपैकी बहुतेकजण या रेषेखालीच राहतात आणि त्यांना स्कोअरकार्ड मिळतच नाही. तुमच्या मुलीला ते मिळणार आहे.

आता ४१ आणि ४६०. दोन्ही खरे आहेत. ४१ हे तिचे गुण. ४६० हे त्या वर्षीच्या त्या पेपरातलं तिचं स्थान, वेगवेगळ्या वर्षांची मुलं एका मापाने मोजता यावीत म्हणून काढलेलं. खुल्या वर्गाच्या पात्रतेच्या रेषेवर जो असेल त्याला ३५० स्कोअर. सर्वांत वरच्या ०.१ टक्का मुलांच्या (किंवा वरच्या दहा जणांच्या, यांतला मोठा गट असेल त्याच्या) गुणांची जी सरासरी, तिला ९०० स्कोअर. मधल्यांना त्या प्रमाणात. हिशेबाच्या सोयीसाठी धरू की रेषा ३० वर होती आणि वरच्यांची सरासरी ८५. मधे ५५ गुणांचं अंतर आणि ५५० स्कोअरचं, म्हणजे एका गुणाला दहा स्कोअर. ४१ गुण म्हणजे रेषेच्या वर ११. साडेतीनशे अधिक एकशे दहा, झाले ४६०. म्हणून या ४६० कडे ‘हजारात निम्मेसुद्धा नाहीत’ अशा नजरेने पाहू नका. नातेवाईक तसंच पाहतील, कारण हा हिशेब त्यांना कुणी सांगितलेला नसतो.

दोन गुण कुठे गेले, याचं उत्तर बहुधा असं आहे. सिव्हिलला परीक्षार्थी फार असतात, त्यामुळे गेल्या काही वर्षांत हा पेपर एकापेक्षा जास्त सत्रांत झाला आहे आणि प्रत्येक सत्राची प्रश्नपत्रिका वेगळी. एक सोपी निघाली आणि दुसरी अवघड तर अन्याय होऊ नये, म्हणून प्रत्येक सत्राचे गुण सगळ्या सत्रांच्या एकत्रित सरासरीशी आणि वरच्या मुलांच्या गुणांशी जुळवून घेतले जातात. तुलनेने सोप्या सत्रात बसलेल्यांचे गुण थोडे खाली येतात, अवघड सत्रातल्यांचे वर जातात. निकालात छापलेले ४१ हे असे जुळवून घेतलेले गुण असणार. तपासणीत माणसाचा हात नसतो, परीक्षा संगणकावर होते. तात्पुरत्या उत्तरतालिकेवर हरकत घ्यायला काही दिवस मिळतात. निकालानंतर फेरतपासणीची सोय नाही. तेव्हा या दोन गुणांच्या मागे आता एक संध्याकाळही घालवू नका.

तिचं दुःख मात्र हिशेबाने जाणार नाही. वर्षभर सकाळ-संध्याकाळ एकाच खोलीत, मैत्रिणी नोकरीला लागलेल्या, त्यांच्या पहिल्या पगाराचे फोटो बघत ती बसली असेल. तिने मनात जे ठरवलं होतं ते मिळालेलं नाही आणि तुम्ही कितीही समजावलं तरी तिला वाईट वाटणारच. वाटू द्या. ‘होतं असं’, ‘नशिबात नव्हतं’, ‘अमक्याच्या पोराला तर तेवढेही नाहीत’ यांतलं काही बोलू नका. पहिल्या दोन वाक्यांनी तिची मेहनत पुसली जाते आणि तिसऱ्याने तिला पुन्हा रांगेत उभं केलं जातं. जेवणाचं ताट तिच्या खोलीत न्या, शेजारी बसा, गप्प बसलात तरी चालेल. अभियांत्रिकीच्या मुलांना शिकवताना मी अशी घरं बरीच पाहिली आहेत. मुलं निकालातून सावरतात. घरात महिनाभर रोज चाललेल्या चर्चेतून सावरायला त्यांना जास्त वेळ लागतो.

फोनचं काम तुम्ही हातात घ्या, पण तिला विचारून. एक वाक्य दोघी मिळून ठरवा: ‘पात्र ठरली आहे, प्रवेशाचे अर्ज भरतेय.’ हे खरं आहे आणि पुरेसं आहे. गुण कुणालाही सांगायचे नाहीत, सख्ख्या मावशीलाही नाही. आणि एक मोकळेपणाने सांगतो, कारण मुलींच्या बाबतीत हे हटकून होतं: याच फोनमधून स्थळाची गोष्ट निघते. ‘आता कशाला परत परीक्षा, वय निघून चाललंय.’ लग्नाचा विषय तिला काढायचा असेल तेव्हा ती काढेल. निकालाच्या महिन्यात तुमच्या तोंडून तो निघाला, तर तिला एवढंच ऐकू येईल की आईनेही आशा सोडली.

दोन आठवडे उलटूनही जेवण-झोप जागेवर आली नाही, तर मदत घ्या; जगण्यात अर्थ नाही असं काही ती बोलली, तर दोन आठवडेसुद्धा थांबू नका. टेली-मानस ही मानसिक आरोग्यासाठीची सरकारची मोफत सेवा १४४१६ या क्रमांकावर चोवीस तास चालते आणि मराठीतही बोलता येतं. तो क्रमांक तुम्हीही लावू शकता.

आता पुढचं, ज्यात खरं तर तुमची मदत लागणार आहे. निकाल मार्चमध्ये लागतो आणि आयआयटींचे अर्ज त्याच सुमारास, मार्च-एप्रिलमध्ये सुरू असतात. खिन्न होऊन बसलेली मुलं नेमके हे दिवस घालवतात. मे महिन्यात भानावर येतात तेव्हा आयआयटींची बहुतेक दारं बंद झालेली असतात, आणि मग ‘मला कुठेच मिळालं नाही’ म्हणतात, जेव्हा त्यांनी कुठे अर्जच केलेला नसतो. मला सर्वांत जास्त हळहळ याचीच वाटते.

४६० वर आयआयटीतल्या स्ट्रक्चरल इंजिनिअरिंगसारख्या मागणीच्या शाखेत जागा मिळणं अवघड आहे, हे तिला माहीत असेल. तुम्हीही खोटी आशा दाखवू नका. पण आयआयटी म्हणजे एकच शाखा नव्हे. मुंबईतच सी-टारा नावाचं केंद्र आहे, ग्रामीण भागासाठी तंत्रज्ञानाचे पर्याय शोधणारं. तिथल्या एम.टेक.ला वेगवेगळ्या शाखांची मुलं येतात आणि खेड्यात राहून केलेलं काम हा अभ्यासक्रमाचाच भाग असतो. पाणी, रस्ते, सिंचन यांत मन असलेल्या सिव्हिलच्या मुलीने ते नक्की पाहावं. मद्रास, दिल्ली, कानपूरच्या आयआयटींत संशोधनावर आधारित एम.एस. आहे. तिथे गेटचा स्कोअर आत शिरण्यापुरता, पुढे चाचणी आणि मुलाखतीला वजन. विषय मनापासून आवडत असेल आणि समोर बसून बोलता येत असेल, तर तीन तासांच्या परीक्षेत मागे पडलेली मुलं इथे पुढे जातात. आयआयटींमध्ये प्रत्येक ठिकाणी वेगळा अर्ज करायचा असतो, पण जागा देण्या-घेण्याचं काम कोॲप या एका सामाईक पोर्टलवर चालतं. तिथे नोंदणी केली नाही, तर जागा निघाली तरी मिळत नाही.

एनआयटींसाठी सीसीएमटी ही एकच प्रक्रिया. आपलं नागपूरचं व्हीएनआयटी तिच्यात येतं. मागच्या वर्षी कुठल्या शाखेत किती स्कोअरवर प्रवेश थांबले, हे सीसीएमटीच्या संकेतस्थळावर पाहता येतं. शेवटच्या फेऱ्यांपर्यंत बरीच मुलं जागा सोडून जातात, म्हणून पहिल्या फेरीत नाव नाही म्हणून बाहेर पडायचं नाही. राज्याच्या सीईटी सेलकडून होणाऱ्या महाराष्ट्रातल्या एम.टेक. प्रवेशांत गेट पात्र उमेदवारांचा नंबर आधी लागतो. त्यात मुंबईचं व्हीजेटीआय आहे, आणि सांगलीचं वालचंद तर तुमच्यासाठी घराजवळचं. आणि एआयसीटीईची मान्यता असलेल्या ठिकाणी गेटच्या स्कोअरवर पूर्णवेळ प्रवेश घेतला, तर महिना १२,४०० रुपये विद्यावेतनाची योजना आहे. घरी बसून वर्ष काढलेल्या मुलीला हे पैसे स्वतःच्या खात्यात येणं किती बळ देतं, ते तुम्हाला मी वेगळं सांगायला नको.

पुन्हा परीक्षा द्यावी का? गेटला वयाची अट नाही, प्रयत्नांची मर्यादा नाही आणि स्कोअर निकालापासून तीन वर्षं चालतो. पुढच्या वर्षी कमी आले तरी आजचे ४६० जात नाहीत. प्रवेशाला जास्तीचा स्कोअर वापरता येतो. पण द्यायची की नाही हे रडू ओसरल्यावर, कागद समोर ठेवून ठरवायचं. परीक्षेच्या पोर्टलवरून तिची रिस्पॉन्स शीट उतरवून घ्यायला सांगा. त्यात प्रत्येक प्रश्नाला तिने काय उत्तर दिलं ते असतं. छापून घ्या आणि गुण गेलेल्या प्रत्येक प्रश्नासमोर तिला लिहू द्या: येत होतं पण चुकलं, अंदाजाने ठोकलं, की आलंच नाही.

यातून जे दिसतं ते निकालात दिसत नाही. दोन गुणांच्या एखाद्या प्रश्नात पायाखालच्या मातीवरचा दाब किलोपास्कलमध्ये विचारलेला असतो. मुलीने सगळं गणित बरोबर केलेलं असतं, पण पडद्यावरच्या कॅल्क्युलेटरवर माउसने आकडे दाबता दाबता उत्तर मेगापास्कलमध्ये टाकलेलं. आकडा भरायच्या प्रश्नाला अर्धे गुण नसतात, दोन्ही गेले. चारपैकी एकाहून अधिक पर्याय बरोबर असलेल्या प्रश्नात तीन अचूक पर्यायांपैकी दोनच टिपले, तरी शून्य. आणि एकच बरोबर पर्याय असलेल्या दोन गुणांच्या प्रश्नात चुकीला दोन तृतीयांश गुण कापतात. असे नऊ प्रश्न घाईत अंदाजाने ठोकून चुकले, तर सहा गुण वजा. वरच्या हिशेबाने ते साठ स्कोअर. ४६० चे ५२० झाले असते, एकही नवा धडा न शिकता. शिवाय जनरल ॲप्टिट्यूडचे १५ गुण वेगळे पाहा. सिव्हिलची मुलं त्यांना ‘शेवटी बघू’ म्हणतात आणि ते सर्वांना सारख्याच सहजतेने मिळू शकणारे गुण असतात.

पहिल्या दोन प्रकारांत, म्हणजे येत असून चुकलेल्या आणि अंदाजाने ठोकलेल्या प्रश्नांत, गुण जास्त गेले असतील, तर तिला अभ्यासापेक्षा सराव हवा: तीन तासांचे पूर्ण पेपर, संगणकावर, घड्याळ लावून. हे नोकरी करून होतं. तिसऱ्यात जास्त गेले असतील आणि ते दोन-तीन विषयांतच साठलेले असतील, उदाहरणार्थ हायड्रॉलिक्स आणि जिओटेक, तर त्या विषयांसाठी पुन्हा नेटाने बसण्यात अर्थ आहे. सगळीकडेच थोडं थोडं गेलं असेल, तर माझं मत स्पष्ट आहे: दुसरं वर्ष घरी काढू नये. यंदा मिळेल तिथे प्रवेश घ्यावा, किंवा एखाद्या साइटवर, सल्लागाराच्या ऑफिसात नोकरी धरावी. साइटवर काँक्रीट ओतताना पाहिलेली मुलगी पुढच्या वर्षी आरसीसीचा प्रश्न वेगळ्याच खात्रीने सोडवते. क्लासवाले ‘रिपीटर बॅच’साठी फोन करतील; रिस्पॉन्स शीटचा हिशेब होईपर्यंत एक रुपयाही भरू नका.

तुम्ही लिहिलंत की तुम्हाला यातलं कळत नाही. तारखा मात्र तुम्हाला नीट सांभाळता येतील. तिच्याकडून आज एवढंच मागा की लॅपटॉप घेऊन स्वयंपाकघरात येऊन बस. कोॲप, सीसीएमटी, राज्याचा सीईटी सेल आणि तिच्या मनातल्या तीन-चार संस्थांची संकेतस्थळं तिला उघडायला लावा, प्रत्येक अर्जाची शेवटची तारीख तुम्ही स्वतःच्या हाताने भिंतीवरच्या कॅलेंडरवर लिहा, आणि पहिला अर्ज याच आठवड्यात भरून घ्या.