"इथंच तर जायचंय!"

माझं शिक्षण कॉन्व्हेंटमध्ये झालं. मराठीत लेख लिहायचा म्हटलं की ऱ्हस्व-दीर्घाची भीती वाटते. चुकलं तर सांभाळून घ्या. पण हा विषय मला मराठीतच सांगायचा आहे, कारण ज्या एका वाक्यामुळे हा लेख लिहावा लागला, ते वाक्य मी मराठीतच बोलले होते : "राहू दे ना दादा, इथंच तर जायचंय."

माझं गाव डोंगरकडा, तालुका कळमनुरी, जिल्हा हिंगोली. नांदेडहून अर्धापूरमार्गे वारंगा फाट्याकडे जाताना लागतं. केळीच्या बागा, हळद आणि ऊस. कारखाना सुरू झाला की रस्त्यावर ट्रॅक्टर-ट्रॉल्यांची रांग लागते. गेल्या दिवाळीच्या सुट्टीत मी नांदेडहून स्कूटीवर घरी पोचले. दारातच काकू म्हणाली, पणत्यांना तेल नाही, दादासोबत जाऊन घेऊन ये. दादा म्हणजे माझा चुलतभाऊ. त्याने बाइक काढली आणि खुंटीवरचं हेल्मेट घ्यायला परत आत वळला. तेव्हा मी ते वाक्य बोलले. माझं हेल्मेट मात्र डोक्यावरच राहिलं होतं, पट्ट्यासकट. ते काढायचाही मला कंटाळा आला होता.

दुकान एक किलोमीटरवर. ट्रॉलीच्या चाकांनी शेतातली ओली माती डांबरावर आणलेली. समोर कुत्रं आलं, दादाने ब्रेक दाबला आणि गाडी घसरली. वेग फार तर तीस. दोघांचीही डोकी एकाच रस्त्यावर आपटली. माझ्या हेल्मेटवर हनुवटीजवळ बोटभर लांब ओरखडा उमटला. दादा बेशुद्ध. नांदेडला सीटी स्कॅन केलं तेव्हा मेंदूजवळ रक्तस्राव दिसला. नऊ दिवस तो आयसीयूत होता.

दादा वाचला. पण तो पोलीस भरतीची तयारी करत होता, पहाटे पाचला उठून धावायचा. डॉक्टरांनी सहा महिने धावायला बंदी केली आणि मैदानी चाचणी हुकली. तो मला एका शब्दानेही बोलला नाही. त्याचंच जास्त वाईट वाटतं.

हॉस्टेलवर परत आल्यावर मी वही काढली. एवढ्या कमी वेगात एवढं कसं झालं, ते मला समजून घ्यायचं होतं.

गणित काय सांगतं?

बाइकवर बसलेल्या माणसाचं डोकं जमिनीपासून साधारण दीड मीटर उंच असतं. गाडी उभी असताना नुसतं आडवं पडलं, तरी जमिनीला टेकताना डोक्याचा वेग ताशी जवळजवळ २० किलोमीटर होतो. बारावीचंच सूत्र आहे, करून बघा. म्हणजे गाडी हळू चालवली तरी ही उंची कमी होत नाही.

आता धक्का. डोकं किती अंतरात थांबतं, यावर तो ठरतो. ढोबळ हिशेब सोपा आहे : पडण्याची उंची भागिले थांबण्याचं अंतर. उत्तर गुरुत्वाकर्षणाच्या पटीत येतं. डांबर दबत नाही. केस आणि कातडी मिळून पाच मिलिमीटर दबली असं धरू. दीड मीटर भागिले पाच मिलिमीटर म्हणजे ३०० पट. हेल्मेटच्या आतला थर्मोकोलचा थर वीस मिलिमीटर दबला, तर ७५ पट. दादा आणि माझ्यात फरक होता तो या पंधरा मिलिमीटरचा.

गाडी थेट ट्रॉलीवर आदळली तर हिशेब वेगळा. ताशी ४० चा वेग म्हणजे सव्वासहा मीटरवरून पडणं, आपल्या हॉस्टेलच्या दुसऱ्या मजल्याच्या गॅलरीतून. ६० ला ती उंची चौदा मीटर होते. तिथे हेल्मेटलाही मर्यादा आहेत. म्हणून हेल्मेट घातलं की गाडी पळवायची मोकळीक मिळते, असं कुणी समजू नये.

एक जुना अपघात

'लॉरेन्स ऑफ अरेबिया' हे नाव बऱ्याच जणांनी ऐकलं असेल. हा टी. ई. लॉरेन्स १३ मे १९३५ रोजी इंग्लंडमध्ये मोटरसायकलवरून तार करायला गेला. घरापासून अंतर दोन-अडीच किलोमीटर, म्हणजे इथंच! परत येताना सायकलवरच्या दोन मुलांना चुकवायला गेला आणि पडला. डोक्यावर हेल्मेट नव्हतं. सहा दिवसांनी तो वारला. त्याच्यावर उपचार करणाऱ्यांमध्ये ह्यू केर्न्स नावाचे मेंदूचे सर्जन होते. पुढे त्यांनी मोटरसायकलस्वारांच्या डोक्याच्या इजांचा अभ्यास केला आणि १९४१ मध्ये हेल्मेटच्या उपयोगावर लेख प्रसिद्ध केला. त्याच वर्षी ब्रिटिश सैन्याने आपल्या मोटरसायकलस्वारांना हेल्मेट सक्तीचं केलं.

आणि आपण? केंद्र सरकारच्या अहवालानुसार २०२२ मध्ये भारतात हेल्मेट न घातलेले ५०,०२९ जण रस्त्यावर मेले. त्यातले १४,३३७ जण मागे बसलेले होते. २००८ साली एकसष्ट अभ्यासांचा एकत्र आढावा घेण्यात आला. त्यात हेल्मेटमुळे मृत्यूचा धोका सुमारे ४२ टक्के आणि डोक्याच्या इजेचा धोका ६९ टक्के कमी होतो असं दिसलं.

काय घालावं?

१. आयएसआय चिन्हाचं, हनुवटी झाकणारं हेल्मेट. जून २०२१ पासून दुचाकीच्या हेल्मेटला हे चिन्ह बंधनकारक आहे. रस्त्याच्या कडेला मिळणारी टोपीसारखी हेल्मेटं फक्त पोलिसांना दाखवण्यापुरती.

२. पट्टा लावा. पट्टा न लावलेलं हेल्मेट आपल्याआधी उडून जातं.

३. एकदा जोरात आपटलेलं हेल्मेट बदला. दबलेला थर्मोकोल पुन्हा फुगत नाही. माझं हेल्मेट बाहेरून चांगलं दिसत होतं, तरी टाकून दिलं.

४. हातमोजे. पडताना माणूस आधी हात पुढे करतो. माझ्या दोन्ही तळव्यांची कातडी सोलली होती, पंधरा दिवस पेन धरता आला नाही.

५. चपलेऐवजी घोटा झाकणारे बूट, जाड जॅकेट आणि जाड पँट. सुती कपडा डांबरावर लगेच फाटतो. लांबच्या प्रवासाला कोपर-गुडघ्याचे गार्ड वापरा.

६. मैत्रिणींनो, ओढणी आणि स्कार्फ नीट खोचून बसा. मागच्या चाकात कपडा अडकू नये म्हणून ते झाकणारी जाळी हवी, असं मोटार वाहन नियम १२३ सांगतो. दिसायला बरं म्हणून ती काढून टाकू नका.

हे सगळं घ्यायला पैसे नाहीत, हे मला मान्य आहे. मग निदान हेल्मेट आणि बूट. मोबाइलचं कव्हर आपण दुसऱ्या दिवशी आणतो, डोक्याचं का नाही?

"गरम होतं", "केस खराब होतात", "मेसपर्यंतच तर चाललोय" ही कारणं मीही दिली आहेत. कायद्यात हजार रुपये दंड आणि तीन महिने लायसन्स निलंबनाची तरतूद आहे, पण त्या संध्याकाळी आमच्या गल्लीत पोलीस नव्हता. होते फक्त मी, दादा आणि खुंटीवरचं हेल्मेट.

दादाने आता परत चालायला सुरुवात केली आहे, पहाटे पाचलाच. पुढच्या भरतीत तो उतरणार आहे. आणि मी घरी गेले की कुणीही बाइकची किल्ली उचलली की आधी खुंटीकडे बघते. तुमच्या रूममधलं कुणी "इथंच तर जायचंय" म्हणालं, तर त्याच्या हातात हेल्मेट द्या. माझ्यासारखं "राहू दे" म्हणू नका. एवढंच सांगायचं होतं.