भट्टीपाशी दहा मिनिटं

निकाल लागले की अक्कलकोटात माझ्या दारात चपलांची गर्दी होते. मागणी एकच. "सर, काय बी करा, पण पोराला कम्प्युटरच पायजे." पोरगा शेजारी मान खाली घालून बसलेला. परवा एका वडिलांना विचारलं, कम्प्युटरला नेमकं काय शिकवतात? म्हणाले, "पगार चांगला असतोय."

कोड लिहायला बसल्यावर ज्याला जेवणाची शुद्ध राहत नाही, त्यानं खुशाल जावं. पण शाखेच्या नावात 'एआय' आहे म्हणून जमीन गहाण टाकून कुठल्याही कॉलेजात सीट घेणार असाल, तर माझ्याकडे येऊच नका. मेडिकल आणि एमपीएससीबद्दल तर तुम्हालाच माझ्याहून जास्त माहिती आहे.

मी मेटलर्जी सुचवतो. लगेच चेहरे पडतात: "म्हणजे लोहारकी?" हो, लोहारकीच! विळा तापवून त्याला पाणी दिलं की धार कठीण होते. राजवाड्यातल्या शस्त्रागारात पोरांना तलवारी दाखवता ना, त्यांच्या पात्यामागंही हीच विद्या आहे. सोलापूरजवळ चिंचोळी एमआयडीसीत प्रिसिजन कॅमशाफ्ट्सचा कारखाना आहे. अशा कॅमशाफ्टच्या ओतकामात कॅमच्या उंचवट्यापाशी साच्यात चिल, म्हणजे उष्णता ओढून घेणारा धातूचा तुकडा, बसवतात. तिथलं लोखंड झटकन गोठतं आणि नेमकं तेवढंच कठीण होतं.

टायटॅनियम मात्र हट्टी. 6 टक्के अ‍ॅल्युमिनियम आणि 4 टक्के व्हॅनेडियम घातलेला त्याचा मिश्रधातू विमानात लागतो, खुब्याच्या कृत्रिम सांध्यातही लागतो. वजन पोलादाच्या साठ टक्क्यांहून कमी. पण दोन तुकडे एकमेकांवर घासले की ओरबाडून चिकटतात, आणि विळ्यासारखं पाणी देऊन त्याची कातडी कठीण होत नाही. मग भट्टीतली हवा काढायची, शुद्ध नायट्रोजन सोडायचा आणि 800-900 अंश सेल्सिअसला तासन् तास ठेवायचं. वर सोनेरी थर धरतो, जेमतेम काही मायक्रॉनचा. हार्डवेअरच्या दुकानात सोनेरी ड्रिल बिट मिळतो, त्यावरचं लेपनही बहुधा याच टायटॅनियम नायट्राइडचं असतं. बिटावर ते बाहेरून चढवतात, इथं धातू स्वतःच्याच अंगातून ते घडवतो. आतला धातू साधारण 350 विकर्स कठीण, वरचा थर 2000च्या आसपास.

भट्टीत हवा शिरली तर ऑक्सिजन धातूत मुरतो, 'अल्फा केस' नावाची ठिसूळ साल धरते आणि तिथून तडे जातात. तापमान 995च्या आसपास गेलं तर आतली रचनाच बदलते. हे सांभाळायला मन लावून बसणारं माणूस लागतं, आणि घोकंपट्टीत मागं पडलेली कितीतरी पोरं तशी असतात.

डिप्लोमा पुण्याच्या शासकीय तंत्रनिकेतनात आहे. पदवीसाठी पुण्याचं सीओईपी, नागपूरचं व्हीएनआयटी. टायटॅनियमचे मिश्रधातू बनवणारी मिधानी ही 1973 सालची सरकारी कंपनी हैदराबादेत आहे, म्हणजे अक्कलकोट रोडवरून वाडीमार्गे जाणाऱ्या आपल्याच लोहमार्गावर. गोडगोड सांगत नाही: उष्मा आहे, रात्रपाळी आहे, आणि पहिला पगार शेजाऱ्याला सांगण्याजोगा नसेल.

म्हणून पसंतीक्रम भरण्याआधी ओळख काढून पोराला एखाद्या हीट ट्रीटमेंटच्या शॉपमध्ये न्या. भट्टीचं दार उघडतं तेव्हा त्याला दहा मिनिटं तिथं उभं राहू द्या. तुम्ही बाहेर चहा प्या.