एकच टॅली दुकानात आणि घरीही?

प्रश्न : माझं दुकान शिरूरला आणि घर दौंड तालुक्यात, केडगावला. दुकानासाठी टॅलीप्राइमचा सिल्व्हर परवाना विकत घेतला आहे. राहिलेला हिशेब रात्री घरी पुरा करायचा असतो. पैसे मीच भरलेत, मग तीच प्रत घरच्या संगणकावर टाकली तर चालेल का?
– एक वाचक, केडगाव

उत्तर : दोन्हीकडे एकाच वेळी चालणार नाही. आपण पैसे मोजतो ते वापराच्या परवानगीचे. प्रोग्रामची मालकी कंपनीकडेच राहते. सिल्व्हर परवाना एका संगणकापुरता असतो. घरी काम करायचं तर दुकानातल्या संगणकावर तो ‘सरेंडर’ करून घरच्या संगणकावर सुरू करावा लागतो. रोज हे करणं कटकटीचं आहे. त्यापेक्षा टॅली लॅपटॉपवरच घ्या आणि तो सोबत न्या. फक्त अहवाल पाहायचे असतील, तर टॅलीच्या ‘टीएसएस’ या सेवा-वर्गणीची मुदत चालू असताना ते घरून ब्राउझरमध्येही दिसतात. मात्र दुकानातला संगणक चालू आणि इंटरनेटला जोडलेला हवा.

तुमच्या मनातली अपेक्षा गैर नाही. १९८३ मध्ये आलेल्या ‘टर्बो पास्कल’ या प्रोग्राम लिहिण्याच्या साधनासाठी बोरलँड कंपनीने तसाच नियम ठेवला होता : प्रोग्राम पुस्तकासारखा वापरा, कुठेही न्या, फक्त एकाच वेळी दोन ठिकाणी चालवू नका. पण हा नियम सरसकट लागू नाही. मायक्रोसॉफ्ट ३६५ पर्सनल एकाच व्यक्तीला एका वेळी पाच उपकरणांवर वापरता येतं. नव्या संगणकासोबत आलेलं विंडोज मात्र सहसा त्याच यंत्राशी बांधलेलं असतं.

आपला १९५७ चा कॉपीराइट कायदाही ग्राहकाचा विचार करतो. कलम ५२ नुसार, कायदेशीर मिळवलेल्या प्रतीची सुरक्षेसाठी बॅकअप प्रत काढता येते. वैयक्तिक, बिगरव्यापारी वापरासाठीही मुभा आहे. दुकानाचा हिशेब हा व्यापार, म्हणून ती दुसरी मुभा तुम्हाला लागू होत नाही. बेकायदा प्रत जाणूनबुजून वापरल्यास कलम ६३ब खाली सात दिवस ते तीन वर्षं कैद आणि पन्नास हजार ते दोन लाख रुपये दंड होऊ शकतो.

संगणक जोडून देणारा ‘सगळे असंच करतात’ म्हणाला, तरी ऐकू नका. जबाबदारी तुमच्यावर येते. खरेदीच्या वेळीच किती संगणकांचा परवाना आहे हे विचारा आणि ते बिलावर लिहून घ्या.