आवाज आला की आधी पोट बघ

पहिली गोष्ट ही की तान्हं बाळ मुकाट झोपत नाही. ते कुंथतं, फुरफुरतं, चुटूचुटू तोंड वाजवतं, मधेच बारीक किंचाळतं आणि पुन्हा गप्प होतं. दवाखान्यातून घरी आल्यावर पहिल्या आठवड्यात आईबापाची झोप उडते ती रडण्याने कमी, या आवाजांनी जास्त. रडलं तर पाजायचं, लंगोट बघायचा, खांद्यावर घ्यायचं, एवढं ठाऊक असतं. झोपेतच कुंथणाऱ्या बाळाचं काय करायचं हे मात्र कुणी सांगत नाही. माझी सगळी नोकरी बाळंतिणींच्या वॉर्डात गेली, म्हणून हक्काने सांगते: बहुतेक वेळा काहीच करायचं नाही. कधी करायचं ते ओळखता आलं की झालं.

नवजात बाळ दिवसरात्र मिळून १४ ते १७ तास झोपतं, पण त्यातली जवळजवळ निम्मी झोप चाळवलेली असते. पापण्यांखाली बुबुळं फिरत असतात, कपाळाला आठ्या पडतात, ओठ हसतात, लगेच मुडपतात, हात झटकला जातो आणि घशातून हूं-हूं निघतं. मोठ्या माणसाच्या या झोपेत अंग लुळं पडलेलं असतं; बाळाचं तसं नसतं, त्यामुळे आत जे चाललंय ते सगळं बाहेर दिसतं आणि ऐकू येतं. शिकागो विद्यापीठात युजीन ॲसेरिन्स्की आणि नॅथॅनियल क्लाइटमन यांनी ही झोप १९५३ साली शास्त्रात मांडली. ॲसेरिन्स्कीने सुरुवात केली होती झोपलेल्या तान्ह्या बाळांचे डोळे न्याहाळण्यापासून. आपल्या आज्याही पाळण्याशी बसून तेच बघत होत्या आणि ‘सटवाई हसवते, सटवाई रडवते’ म्हणत होत्या. कारण काही का सांगेनात, बघितलं मात्र नीट होतं. आणि सटवाई हसवत असताना बाळाला उचलायचं नाही हा त्यांचा दंडकही बरोबर होता.

कारण बाळाच्या झोपेचा एक फेरा तासाभराच्या आतच संपतो. दोन फेऱ्यांच्या मधे ते चुळबुळतं, कण्हल्यासारखं करतं, कधी डोळेही किलकिले करतं आणि आपलं आपणच पुन्हा झोपतं. त्या क्षणी झडप घालून उचललंस तर झोपलेलं बाळ तूच उठवलंस. हात पाळण्यावर आणून थांब, मिनिटभर बघ. मूठ तोंडाकडे जाते आहे, मान वळवून बाळ छाती शोधतं आहे, जीभ बाहेर येते आहे, तर ती भूक. मग रडण्याची वाट बघू नकोस, पाज. वजन कमी असलेल्या, दिवस पुरे व्हायच्या आत जन्मलेल्या किंवा कावीळ झालेल्या बाळाला हा ‘थांब’चा नियम लावायचा नाही. त्याला दर दोन-तीन तासांनी उठवूनसुद्धा पाजायचं.

नाकाचा आवाज सगळ्यांना घाबरवतो. बाळ मुख्यतः नाकानेच श्वास घेतं आणि ती वाट इतकी अरुंद असते की खाकरण्याएवढा शेंबूड नसतानाही शिट्टी वाजते, घरघर होते. हात लावला तर छातीवरसुद्धा ती घरघर जाणवते आणि सासूबाई म्हणतात, कफ झाला. बाळ नीट ओढून पीत असेल, तर तो आवाज नाकातलाच आहे. पिताना नाक बंद पडून सोडून सोडून रडत असेल, तर पाजण्याआधी मिठाच्या पाण्याचे नाकातले थेंब डॉक्टरांना विचारून घाल. तेल घालू नकोस. नाकातलं तेल फुप्फुसात उतरलं तर न्यूमोनिया होतो. न्हाऊ घालणाऱ्या बाई नाकाकानात तेल सोडतात, नाकात फुंकर मारतात. त्यांना चहा दे, साडी दे, पण एवढं करू देऊ नकोस.

कुंथण्याचं थोडक्यात: तोंड लालबुंद, पाय पोटाशी, दहा-वीस मिनिटं जोर, आणि शेवटी निघतं काय तर मऊ, पिवळी शी. हे बद्धकोष्ठ नव्हे. पोटातून जोर आणि खालून सैल सोडणं या दोन्ही गोष्टी एकदम जमायला बाळाला काही आठवडे लागतात. साबणाची वडी, विड्याच्या पानाचा देठ, काही काही लावायचं नाही. गुटीचंही तेच. सहाणेवरची मुरुडशेंग आणि वेखंड मलाही आठवतं, त्या वासाने माहेर आठवतं, पण सहा महिने आईच्या दुधाशिवाय पोटात काही जायचं नाही. झोपावं म्हणून जायफळ तर मुळीच उगाळायचं नाही. गुंगी आणलेल्या बाळाचा श्वास कोण मोजणार?

आता श्वासाकडे येऊ. बाळ कधी भराभर बारीक श्वास घेतं आणि मग एकदम थांबतं. छाती हलत नाही. पाच सेकंद, सात सेकंद, आईचा जीव टांगणीला. मग एक मोठा श्वास येतो आणि गाडी पुन्हा सुरू. असे पाच-दहा सेकंदांचे थांबे पहिल्या काही महिन्यांत नेहमीचे आहेत, मेंदूतलं श्वासाचं केंद्र अजून पिकायचं असतं म्हणून. थांबा २० सेकंदांचा झाला, किंवा त्याहून कमी असूनही ओठ-जीभ निळी झाली, अंग ढिलं पडलं, तर ते नेहमीचं नाही. तळवे चोळ, पाठीवर हात फिरव आणि लगेच दवाखाना गाठ.

म्हणून मी म्हणते, आवाज आला की आधी पोट बघ. कान फसवतात, रात्री पंखा बंद असला की उंदराएवढा आवाजही ट्रकएवढा वाटतो. दुपटं बाजूला कर, झबलं छातीपर्यंत वर घे. पोट वर आलं की एक. घड्याळाचा सेकंदकाटा किंवा मोबाइलचा टायमर लाव (जावईबापूंच्या मोबाइलला एक तरी खरं काम मिळेल) आणि पुरं एक मिनिट मोज. अर्धं मिनिट मोजून दुप्पट करायचं नाही. बाळाचा श्वास एका चालीचा नसतो, हिशेब चुकतो. बाळ शांत हवं, नुकतं रडलेलं किंवा पीत असलेलं नको. ६० च्या आत असेल तर ठीक. ६० किंवा त्याहून जास्त आला तर जरा वेळाने पुन्हा मोज. पुन्हा तेवढाच आला तर सकाळ होण्याची वाट बघायची नाही.

हे मोजणं काही फक्त डॉक्टरांचं काम नव्हे. गडचिरोलीत डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांनी गावच्या बायकांना तान्ह्या बाळाचा श्वास, ताप, वजन बघायला शिकवलं, घरच्या घरी उपचार करायला शिकवलं. बाळांचे मृत्यू किती घटले ते १९९९ साली ‘लॅन्सेट’मध्ये छापून आलं, आणि २०११ पासून देशभरच्या आशाताई त्याच धर्तीवर घरी येऊ लागल्या. बाळंतपण दवाखान्यात झालं असेल तर ३, ७, १४, २१, २८ आणि ४२ व्या दिवशी त्यांची फेरी असते. शहरातल्या फ्लॅटमध्ये ती येणार नाही कदाचित, पण गावी माहेरी असलीस तर तिला दारातून परत पाठवू नकोस. गडचिरोलीतल्या थोडंफार शिकलेल्या बाया जे शिकल्या, ते इंजिनिअर झालेल्या मुलीला जड जायचं कारण नाही.

मोजताना आणखी दोन गोष्टी दिसतात. आपण म्हणतो ‘पोट उडतंय’, ते नुसतं पोट हलणं नव्हे. पोट तर रोजच हलतं. श्वास आत घेताना बरगड्यांखाली खळगा पडतो, ते बघायचं. दुसरं नाक. प्रत्येक श्वासाला नाकपुड्या फुलतायत का? याच्या जोडीला श्वास सोडताना दर वेळी कण्हल्यासारखा आवाज, एकही श्वास न चुकता, येत असेल तर ते झोपेतलं कुंथणं नाही. झोपेतला आवाज येतो, जातो, कूस बदलली की थांबतो. आजारातला आवाज चिकटून बसतो.

आणखी एक आवाज काही बाळांना दोन-तीन आठवड्यांनी सुरू होतो. श्वास आत घेताना कर्र-कर्र, उताणं झोपल्यावर जास्त, रडताना आणि पिताना जास्त. बहुतेकदा स्वरयंत्राचा वरचा भाग मऊ असतो आणि श्वासाबरोबर आत ओढला जातो; डॉक्टर त्याला लॅरिंगोमलेशिया म्हणतात. बहुतेक बाळांचं हे दीड-दोन वर्षांत आपोआप जातं. तरी एकदा दाखवून घे, आणि वजन वाढत नसेल किंवा खळगा पडत असेल तर ताबडतोब. आवाज बंद व्हावा म्हणून पालथं मात्र झोपवू नकोस. तान्हं बाळ उताणंच झोपवायचं, घट्ट गादीवर. डोकं गोल व्हावं म्हणून ठेवलेली राळ्याची उशी, जाड गोधडी, खेळणी पाळण्यातून बाहेर.

आणि धूर नको. ओवा, शेपा, लसणाच्या साली घालून खोली कोंडून धुरी देतात. उदबत्ती, डासांची कॉइल, बाहेरून सिगारेट ओढून आलेले काका, सगळं त्या अरुंद नाकाला सारखंच. दृष्ट खुशाल काढा, मीठमोहरी ओवाळा, पण ती चुलीत टाकायची तर स्वयंपाकघराचं दार लावून. पोटावर तापलेल्या सळईचा डाग देणाऱ्याकडे बाळ नेणं हा तर गुन्हाच.

दूध ओढेनासं झालं, हलवूनही नीट जागं होत नाही, तीन महिन्यांच्या आतल्या बाळाला १००.४ अंश ताप आला किंवा हातपायच नाही तर पोटही गार लागतंय, ओठ निळे दिसतायत: यातलं एकही असेल तर फोन करून मावशीला, जाऊबाईंना विचारत बसू नकोस. महाराष्ट्रात १०८ वर फोन लाव. रुग्णवाहिका येईपर्यंत बाळ छातीशी उघड्या अंगाला लावून ऊबेत धर.

आज रात्री बाळ ठणठणीत असतानाच एकदा मिनिटभर श्वास मोज आणि तो आकडा लसीकरणाच्या कार्डाच्या मागे लिहून ठेव.