युवा नेतृत्व शिबिर : परत आल्यावर काय?



मे महिना आणि दिवाळीची सुट्टी हा आपल्याकडे शिबिरांचा मोसम. दर वर्षी आपल्या धर्मग्रामातून काही युवक-युवती नेतृत्व शिबिराला जातात. शिबिराची निम्मी फी घरून आणि निम्मी धर्मग्रामाच्या निधीतून भरली जाते, म्हणजे ती आपण सर्वांनीच भरलेली असते. तेव्हा तिथे काय शिकवतात आणि आपली मुले तिथून काय घेऊन परततात, हे विचारण्याचा आपणां सर्वांना अधिकार आहे. या रविवारचा पाठ आपल्या एका युवतीच्या अनुभवावर आधारलेला आहे. ती बी.कॉम.च्या दुसऱ्या वर्षाला शिकते. अनुभव छापण्यास तिने परवानगी दिली, नाव मात्र नको म्हणाली. "फादर, नाव टाकलंत तर मिस्सा सुटल्यावर सगळे माझ्या आईलाच धरतील!" हे तिचे कारण आम्हांस पटले.

पाठासाठी उतारा आहे मार्क १०:३५-४५. कृपया घरी बायबल उघडून तो सावकाश वाचा. याकोब आणि योहान हे दोघे भाऊ प्रभूकडे येतात आणि त्याच्या वैभवात उजवीकडची व डावीकडची जागा मागतात. बाकीचे दहा जण चिडतात. ते का चिडले? आमच्या मते, त्यांनाही त्याच जागा हव्या होत्या म्हणून. (धर्मग्राम परिषदेच्या निवडीच्या वेळी हा उतारा वाचायला हरकत नाही.) आता प्रभूचे उत्तर नीट पाहा. मोठे होण्याची इच्छाच वाईट, असे तो म्हणत नाही. ज्याला मोठे व्हायचे आहे त्याने सर्वांचा सेवक व्हावे, असे तो सांगतो. म्हणजे इच्छा तीच राहते, रस्ता बदलतो. तरुणांना 'पुढे पुढे करू नकोस' असे आपण सहज ऐकवतो. प्रभूने त्या दोघा भावांना तसे ऐकवलेले नाही.

आता शिबिराकडे वळू. ही मुलगी खरे तर मैत्रिणींबरोबर जायचे म्हणून गेली होती. पहिल्या दिवशी जे असते ते सगळे होते : ओळखीचे खेळ, गाणी, रात्री पवित्र साक्रामेंताची आराधना, माईकवर न घाबरता कसे बोलावे याचे एक सत्र. हे सर्व चांगले आहे. तथापि आमचे प्रामाणिक मत असे की, माईकवर बोलता येणे म्हणजे नेतृत्व ही समजूत आपण कंपन्यांच्या प्रशिक्षणवर्गांतून उचलली आहे. मोशे बोलण्यात जड होता, हे निर्गम पुस्तकाच्या चौथ्या अध्यायात स्पष्ट लिहिले आहे, आणि तरीही त्याच्याच हाती एक प्रजा सोपवली गेली.

दुसऱ्या दिवशी सकाळी शिबिरार्थींचे चार-चार जणांचे गट केले. प्रत्येक गटाला एक वही दिली आणि शहराच्या एकेका भागात पाठवले. सूचना दोनच : उपदेश करायचा नाही, मदतीचे आश्वासन द्यायचे नाही. पाहायचे, ऐकायचे, लिहून आणायचे. आमच्या मुलीचा गट एका मोठ्या बांधकामावर गेला. इमारतीच्या मागे मजुरांच्या पत्र्याच्या खोल्यांची रांग होती. एका खोलीच्या दारात एक बाई तान्ह्या मुलाला घेऊन बसली होती. मुलीच्या गळ्यातील क्रूस पाहून तिने विचारले, "दीदी, आपका गिरजा किधर है?"

ती बाई झारखंडमधील गुमला जिल्ह्यातली, उरांव समाजाची, कॅथोलिक. आठ महिन्यांपासून ती नवऱ्याबरोबर त्या बांधकामावर होती. गावी दर रविवारी तीन किलोमीटर चालत मिस्साला जायची. इथे देवळाची घंटा खोलीपर्यंत ऐकू यायची, पण ती एकदाच गेली होती. सगळ्यात मागे उभी राहिली, भाषा कळली नाही, कोणी काही विचारले नाही, मग ती परत गेली नाही. मूल सहा महिन्यांचे झाले होते, बाप्तिस्मा झालेला नव्हता. नेहमी का येत नाही, या प्रश्नावर तिने दिलेले उत्तर मुलीने वहीत जसेच्या तसे लिहून घेतले आहे आणि ते आपण सर्वांनी समजून घ्यावे असे आहे. रविवारी दुपारपर्यंत काम चालते. दुपारी मुकादम येऊन आठवड्याची खर्ची वाटतो. त्या वेळी जो हजर नसेल त्याची खर्ची अडकते. खर्ची हातात आली की आठवड्याचे तांदूळ-तेल आणायला बाजारात जावे लागते. आपल्या सगळ्या मिस्सा तोपर्यंत संपलेल्या असतात.

त्या दिवशी संध्याकाळी गटांनी आपापल्या वह्या वाचून दाखवल्या. ही मुलगी आम्हांस म्हणाली, "फादर, मी वाचायला उभी राहिले आणि माझ्या लक्षात आलं की आपल्या कॉलेजच्या रस्त्यालाही अशाच पत्र्याच्या खोल्या आहेत. मी दोन वर्षं रोज तिथूनच जाते."

शिबिरात वापरलेली ही रीत आजची नाही. तिचे श्रेय जोसेफ कार्डिन या बेल्जियन धर्मगुरूंना जाते. त्यांचा जन्म १८८२ सालचा, घर कष्टकऱ्यांचे. ते सेमिनरीत गेले तेव्हा त्यांचे शाळासोबती कारखान्यात कामाला लागले. सुट्टीत घरी आल्यावर त्यांच्या ध्यानी आले की हे जुने मित्र आपल्याला परका समजू लागले आहेत आणि चर्चपासून दूर गेले आहेत. १९०३ साली वडील वारले, तेव्हा त्यांनी आपले आयुष्य कामगारांसाठी देण्याचे ठरवले. १९०६ साली ते धर्मगुरू झाले. १९१२ पासून ब्रसेल्सजवळच्या लाकेन येथील धर्मग्रामात त्यांनी तरुण कामगार मुला-मुलींचे छोटे गट बांधले आणि त्यातूनच १९२५ साली 'यंग ख्रिश्चन वर्कर्स' ही चळवळ उभी राहिली. तिची पद्धत तीन शब्दांची : पाहा, पारखा, कृती करा. कार्डिन मुलांना व्याख्यान देत नसत. तुझ्या कारखान्यात किती वाजता काम सुरू होते, मुकादम मुलींशी कसा बोलतो, मजुरी किती, हे विचारत आणि त्याची उत्तरे त्या मुलांनीच शोधून आणायची असत. पोप तेविसावे योहान यांनी १९६१ सालच्या 'मातेर एत माजिस्त्रा' या विश्वपत्रात हीच तीन पावले सर्व चर्चला, विशेषतः तरुणांना, सांगितली. कार्डिन यांना १९६५ साली कार्डिनल करण्यात आले आणि १९६७ साली ते प्रभूकडे गेले.

तत्त्वज्ञान शिकलेल्या माणसाला या तीन पावलांत संत थॉमस अक्वायनस आठवल्याशिवाय राहत नाही. विवेक हा सद्गुण ते तीन क्रियांत उलगडतात : सल्लामसलत, निर्णय आणि अंमल. यांतील मुख्य क्रिया तिसरी, असे ते 'सुम्मा'मध्ये ठामपणे म्हणतात. याचा अर्थ असा की, ज्याने परिस्थिती पाहिली, योग्य-अयोग्य ओळखले, पण पाऊल उचलले नाही, त्याचा विवेक पूर्ण झालाच नाही. आपल्याकडे पहिल्या दोन गोष्टी भरपूर होतात. सभा होतात, चहा होतो, इतिवृत्त लिहिले जाते.

ही मुलगी मात्र तिथे थांबली नाही. परत आल्यावर तिने चार जणांना गोळा केले आणि पुढचे तीन रविवार दुपारी ते आपल्या धर्मग्रामाच्या हद्दीतील बांधकामांवर फिरले. त्यांना सात कॅथोलिक कुटुंबे भेटली, काही झारखंडची, काही छत्तीसगडची. शिवाय आपल्याच घरांत धुणीभांडी करणाऱ्या तीन मुली भेटल्या. त्यांना रविवारी सुट्टी नसते. का, तर रविवारी आपल्याकडे पाहुणे असतात.

आता 'पारखा' या पावलाकडे येऊ. काही जणांनी आम्हांस विचारले की, ही माणसे आज आहेत, उद्या नाहीत, मग ती आपल्या धर्मग्रामाची कशी? प्रश्न रास्त आहे आणि त्याचे उत्तर आमच्या मतावर अवलंबून नाही. १९८३ सालच्या कॅनन कायद्यातील १०२ व्या कलमाप्रमाणे, एखाद्या धर्मग्रामाच्या हद्दीत कोणी तीन महिने राहण्याच्या इराद्याने आला किंवा प्रत्यक्ष तीन महिने राहिला, की त्याचा तिथे उपनिवास होतो. १०७ वे कलम सांगते की अशा निवासामुळे त्याला तिथला धर्मगुरू आपोआप लाभतो. आणि ५१८ व्या कलमानुसार धर्मग्राम म्हणजे, सर्वसाधारणपणे, त्या हद्दीतील सर्व ख्रिस्ती श्रद्धावंत. त्यात कुठेही भाषेची, जमिनीची किंवा कब्रस्तानातील कुटुंबाच्या जागेची अट नाही. ती सात कुटुंबे पाहुणी नाहीत. त्यांतील बहुतेक तीन महिन्यांहून अधिक काळ इथे आहेत, तेव्हा जितका हक्क आपला तितकाच त्यांचा.

दुसरी हरकत अधिक बोचरी होती : ही पोरे अजून लहान आहेत, आधी अनुभव घेऊ द्या, मग पुढाकार. याबाबत आम्ही एकच गोष्ट लक्षात आणून देतो. त्याच कायद्याचे ८७४ वे कलम सोळा वर्षे पूर्ण झालेल्या, दृढीकरण झालेल्या व श्रद्धेला साजेसे जीवन जगणाऱ्या व्यक्तीला धर्मपिता किंवा धर्ममाता होऊ देते. एका बाळाची श्रद्धा जपण्याची जबाबदारी चर्च सोळा वर्षांच्या मुलावर टाकते आणि आपण त्याला सणाच्या दिवशी खुर्च्या लावण्यापलीकडे काही देत नाही! २०१८ साली युवकांविषयी सिनड झाली, त्यानंतर पोप फ्रान्सिस यांनी २५ मार्च २०१९ रोजी 'ख्रिस्तुस विवित' हे पत्र दिले. त्यातही युवासेवेचे कर्ते स्वतः युवकच आहेत, त्यांना सोबत हवी पण मोकळीकही हवी, असे सांगितले आहे. ही सोबत कशी असावी हे संत दुसरे योहान पॉल यांच्या तरुणपणातून कळते. पोलंडमध्ये कम्युनिस्ट राजवटीत धर्मगुरूंनी तरुणांना सहलीला नेणे जोखमीचे होते. म्हणून फादर व्होयतिवा साध्या कपड्यांत जात आणि मुले त्यांना 'वुयेक', म्हणजे काका, म्हणत. १९५३ पासून ते दर उन्हाळ्यात तलावांवर होड्या घेऊन जात आणि पालथ्या होडीची वेदी करून मिस्सा अर्पण करत. वल्हवताना एका वेळी एकाच तरुणाशी बोलणे व्हायचे. त्या गटातील मैत्री ते पोप झाल्यावरही टिकली. तिथे प्रमाणपत्र मिळत नसे.

पालकांनाही थोडे सांगायचे आहे. शिबिराहून आलेले मूल पहिले पंधरा दिवस भारावलेले असते. रोजची रोझरी, पहाटे उठणे, धाकट्या भावाला उपदेश. घरात त्याची थट्टा होते आणि महिन्याभरात सगळे ओसरते. सद्गुण सवयीने अंगी येतो हे ॲरिस्टॉटलने फार पूर्वी सांगून ठेवले आहे आणि सवय चार दिवसांत लागत नाही. तेव्हा थट्टा न करता त्याला एखादे छोटे, ठरावीक काम द्या आणि दर आठवड्याला त्याची विचारपूस करा. त्या युवतीची आई सुरुवातीला "बांधकामावर कशाला जायचं, काही झालं म्हणजे?" म्हणत होती. ही काळजी योग्यच होती. मुलीने वाद घातला नाही, तिलाच सोबत नेले. आता ती माउली त्या झारखंडच्या बायकांना इथल्या भाजीची नावे शिकवते.

राहिले तिसरे पाऊल. युवकांच्या गटाने आमच्याकडे लेखी मागणी दिली आहे. महिन्यातील एका रविवारी संध्याकाळी साडेसहा वाजता हिंदी मिस्सा व्हावी, त्याआधी प्रायश्चित्त संस्काराची सोय असावी, आणि बाप्तिस्मा न झालेल्या दोन बालकांच्या आईवडिलांची तयारी हिंदीतून करून घ्यावी. तयारीचे काम गटातील दोघे जण आमच्या देखरेखीखाली सुरू करत आहेत. संध्याकाळच्या मिस्साचा विषय धर्मग्राम परिषदेच्या येत्या सभेत आहे. परिषदेचे मत सल्ल्याचे असते, निर्णय आम्हांस घ्यायचा आहे, आणि आम्ही तो मिस्साच्या बाजूने घेण्याच्या मनःस्थितीत आहोत, हे आधीच सांगितलेले बरे. गाण्यांसाठी, दिवे-पंख्यांसाठी आणि त्या वेळी देवळात हजर राहण्यासाठी माणसे लागतील. ज्यांना जमेल त्यांनी कार्यालयात नाव द्यावे.

एक मागणी गटाने आमच्याकडे न करता आपणांकडे केली आहे आणि ती आम्ही इथे पोहोचवत आहोत. त्या बांधकामांपैकी दोन आपल्याच धर्मग्रामातील कुटुंबांच्या वाडीच्या जागेवर चालू आहेत. जागा दिलेल्या मालकाचा शब्द बिल्डर ऐकतो आणि बिल्डरचा शब्द मुकादम. रविवारची खर्ची शनिवारी संध्याकाळी वाटता येईल का, एवढेच त्यांना विचारायचे आहे. त्याचप्रमाणे ज्यांच्या घरी कामाला मुली आहेत त्यांनी रविवारचे दोन तास त्यांना मोकळे द्यावेत.

या आठवड्यात वाडीवाडीतील समूहांच्या बैठकीत मार्क १०:३५-४५ वाचावे आणि आपल्या वाडीच्या हद्दीत अशी कोणती कुटुंबे राहतात याची माहिती समूहप्रमुखांनी लिहून आणावी. नावाबरोबर गाव, भाषा आणि रविवारी कामावरून सुटण्याची वेळ जरूर लिहावी. वह्या कार्यालयात ठेवल्या आहेत.