फाटकापासून दारापर्यंतचा दिवा : खर्च किती, बचत कुठे

बंगल्याच्या किंवा सोसायटीच्या फाटकाशी १५० वॅटचा हॅलोजन अजून जळत असेल, तर आधी तो काढा. रात्रीचे १२ तास धरले तर तो महिन्याला ५४ युनिटं खातो. तेवढाच उजेड २५ वॅटचा चांगला एलईडी फ्लडलाइट ९ युनिटांत देतो. युनिटमागे १० रुपये धरले तरी महिन्याला साडेचारशे रुपये वाचतात आणि साधारण सहाशे ते हजारात मिळणारा दिवा दोन-तीन महिन्यांत फिटतो.

हे १० रुपये मी हिशेब सोपा व्हावा म्हणून धरले आहेत. महावितरणच्या घरगुती बिलात १०० युनिटांनंतर दर एकदम चढतो. त्यावर वहन आकार, इंधन समायोजन आणि १६ टक्के वीज शुल्क येतं. घरातल्या वापरानं १०० युनिटं ओलांडली असतील, तर अंगणातला दिवा वरच्याच दरानं जळतो. म्हणून आपलं बिल हातात घेऊन त्या टप्प्याचा दर पाहा.

आता खरा प्रश्न. अनेक सोसायट्या बचतीसाठी टायमर लावून रात्री अकराला वाटेवरचे दिवे बंद करतात. भोसरी, तळवडे, चाकणच्या कारखान्यांत दुसरी पाळी सुटते ती रात्री उशिरा. कंपनीच्या बसमधून उतरलेला माणूस मोशी किंवा चिखलीतल्या आपल्या इमारतीपाशी पोचतो, तेव्हा वाट अंधारी असते. पावसाळ्यात त्याच वाटेवर निसरडं असतं, क्वचित सापही. अशी बचत मला मान्य नाही, कारण तिची गरजच नाही. संध्याकाळी आपोआप लागणारा, रात्रभर मंद राहणारा आणि हालचाल दिसली की पूर्ण उजळणारा दिवा आज सहज मिळतो.

एक उदाहरण घ्या. वाटेच्या कडेला ७ वॅटचे दहा बोलार्ड, म्हणजे कमरेएवढे खांबदिवे, रात्रभर पूर्ण उजेडात चालले तर महिन्याला २५ युनिटं, म्हणजे अडीचशे रुपये. सेन्सरनं ते बहुतेक वेळ पाचव्या हिश्शावर ठेवले, तर सात-आठ युनिटांत भागतं. एका दिव्यामागे सेन्सरचे तीन-चारशे जास्त मोजले, तर ते वसूल व्हायला दोन वर्षं लागतात. घराच्या एकट्या ९ वॅटच्या बल्बचं गणित याहून लहान आहे : तो रात्रभर चालूनही महिन्याला बत्तीस रुपयेच घेतो. तिथे सेन्सर बचतीपेक्षा सोयीसाठी घ्या.

सेन्सर बसवताना वायरमनला एक गोष्ट आवर्जून सांगा. पीआयआर सेन्सर, म्हणजे अंगाची उष्णता टिपणारा, समोरून सरळ चालत येणाऱ्यापेक्षा आडव्या जाणाऱ्याला लवकर ओळखतो. त्यामुळे तो वाटेच्या टोकाला नको, बाजूच्या भिंतीवर दोन-सव्वादोन मीटर उंचीवर हवा. मायक्रोवेव्ह सेन्सर हलणाऱ्या फांद्यांनीही पेटतो, तो झाडीजवळ टाळावा.

सौर दिव्यांबद्दल सावध राहा. जमिनीत खोचायचे दोन-तीनशे रुपयांचे दिवे सजावटीला ठीक. जून ते सप्टेंबर ढगाळ दिवसांत त्यांची बॅटरी नीट भरत नाही. तळेगाव-चाकण रस्त्याच्या आसपास धुळीचा थर पॅनेलवर इतका बसतो की तो वरचेवर पुसावा लागतो. शिवाय ३ वॅटचा विजेवरचा दिवा वर्षभर रोज रात्री जळाला तरी खर्च सुमारे १३० रुपये, म्हणजे विजेच्या बचतीसाठी सौर दिवा घेण्यात अर्थ नाही. तो परवडतो जिथे केबल न्यायची तर पेव्हर ब्लॉक उचकटून चर खणावा लागेल तिथे. त्या कामाचा मीटरमागे दर विचारून घ्या, मगच तुलना करा.

सोसायटीकडे मोकळं छत असेल, तर पंतप्रधान सूर्यघर योजनेत सामायिक सुविधांसाठीच्या सौर संचाला किलोवॅटमागे १८,००० रुपये अनुदान आहे. लिफ्ट, पंप आणि वाटेवरचे दिवे एकत्र धरले तर तो विचार जास्त शहाणपणाचा.

खरेदी करताना वॅटकडे नाही, ल्युमेनकडे पाहा. वॅटमागे १०० ल्युमेन तरी हवेत. उघड्यावरच्या दिव्यावर आयपी ६५, म्हणजे धूळ-पाण्यापासून संरक्षणाची खूण, लिहिलेली असावी. रंग ३००० केल्विनचा, पिवळसर घ्या : पांढऱ्याफेक प्रकाशाकडे पावसाळी किडे जास्त येतात आणि तो डोळ्यांनाही खुपतो. दिव्याचं तोंड खाली हवं, शेजाऱ्याच्या खिडकीत नको. एलईडी दिवा बंद पडतो तो बहुतेकदा आतल्या ड्रायव्हरमुळे, म्हणून व्होल्टेजची कक्षा आणि सर्ज संरक्षण खोक्यावर छापलेलं आहे का ते बघा, आयएसआय किंवा बीआयएस नोंदणीचा क्रमांकही. तारीख घातलेलं पक्कं बिल घ्या, त्याशिवाय दोन वर्षांची वॉरंटी कागदावरच राहते.

जिथे काटकसर मुळीच करू नये अशी एकच जागा आहे. बागेत २३० व्होल्ट नेत असाल, तर आर्मर्ड केबल, अर्थिंग आणि गळती होताच वीज तोडणारा ३० मिलिअँपिअरचा आरसीसीबी हवाच. ओल्या मातीत उघडी पडलेली वायर जीव घेते. लहान बागेला १२ व्होल्टची जोडणी अधिक सुरक्षित.

सोसायटीच्या सभेत दिव्यांचा विषय निघेल, तेव्हा दुसऱ्या पाळीहून येणाऱ्या रहिवाशाला आधी बोलू द्या. वाटेवर कुठे चाचपडावं लागतं, हे त्यालाच ठाऊक असतं. पहिला दिवा तिथे लावा.